काशीआत्यांचा मृत्यूचा दाखला

निफाड तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित शेताची वाटणी करायचं २०२३ मध्ये घरात ठरलं. तलाठी भाऊसाहेबांनी सातबारा समोर ठेवला आणि एका नावापाशी थांबले. ते नाव होतं काशीबाई, पुढे 'भ्र.', म्हणजे भ्रतार, आणि नवऱ्याचं नाव. माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. आजेसासरे १९६१ साली गेले. तोवर १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा आला होता, म्हणून दोन मुलांच्या जोडीला मुलीचंही नाव वारस म्हणून लागलं. पुढे सासरे गेले, चुलत सासरे गेले, त्यांच्या वारसांची नावं वेळच्या वेळी चढली. काशीआत्यांचं नाव मात्र तसंच राहिलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यांच्या मागे कुणी काही मागणार नव्हतं, त्यामुळे त्या गेल्याची नोंद तलाठ्याकडे द्यावी असं कुणाला वाटलंच नाही.

कायद्याच्या दृष्टीने यात अवघड काही नव्हतं. बापाकडून आलेली मिळकत, बाई निपुत्रिक, तर ती परत बापाच्या वारसांकडे जाते. उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ मध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. "पण त्या वारल्या याचा दाखला पाहिजे," भाऊसाहेब म्हणाले. "दाखल्याशिवाय मी वारस नोंद कशी धरू?" त्यांचं बरोबरच होतं.

घरात दोन मतं पडली. माझे चुलत दीर म्हणाले, "वहिनी, पन्नास वर्षांपूर्वीचा दाखला कुठून मिळायचा? गावातल्या चार जणांच्या सह्या घेऊ, मयत असल्याचं लिहून आणू, काम होऊन जाईल." मला ते पटलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. शाळेचं जनरल रजिस्टर मी कित्येक वर्षं लिहिलंय. कुणाच्या तरी आजोबांची जन्मतारीख काढायला नातू यायचे, मी कपाटातलं पिवळं पडलेलं रजिस्टर काढायचे आणि बहुतेक वेळा नोंद सापडायची. लिहिलेलं सहसा कुठे जात नाही, शोधणारा चुकीच्या पानावर शोधत असतो, हे मला त्या कपाटाने शिकवलं होतं. शिवाय काशीआत्यांनी माझ्या नवऱ्याला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. त्या बाईच्या मरणाचा खरा कागद असताना चार सह्यांवर भागवायचं, हे मनाला लागत होतं.

मृत्यूची नोंद कुठे होते, याबद्दल आपल्याकडे फार गोंधळ आहे. माणूस कुठला रहिवासी होता, त्याचं रेशनकार्ड कुठलं होतं, याचा संबंध नसतो. मृत्यू ज्या हद्दीत झाला तिथल्या निबंधकाकडे नोंद होते. खेड्यात हे निबंधक म्हणजे ग्रामसेवक (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी झालंय), शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिका, आणि देवळाली कॅम्पसारख्या ठिकाणी कँटोन्मेंट बोर्ड. चालत्या गाडीत कुणी गेलं तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथे नोंद. सगळीकडे एकच कायदा, जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९, आणि महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून लागू आहे. त्यामुळे १९७० नंतरचा मृत्यू असेल तर आधी ग्रामपंचायतीची वही बघायची. त्याच्या मागचं काही शोधायचं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जावं लागतं. तिथे गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही आणि कोतवाल बुकं असतात. त्यातली बरीच मोडीत आहेत. न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये हीच दप्तरं उघडायला लावली, तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या खापरपणजोबांची नावं सरकारी कपाटात आहेत.

काशीआत्या गावातच, माहेरच्या घरात गेल्या. म्हणजे जागा पक्की होती. साल मात्र कुणालाच सांगता येईना.

ग्रामपंचायतीतल्या जुन्या वहीला अनुक्रमणिका नसते. जशी माणसं गेली तशा नोंदी, एकाखाली एक. साल माहीत नसेल तर पानन् पान वाचावं लागतं. ग्रामसेवक भाऊसाहेब तरुण, कामसू. त्यांनी १९७३ आणि १९७४ च्या वह्या माझ्यासमोर चाळल्या. काशीबाई कुठे नव्हती. "मॅडम, साल नक्की करून या, मग बसू," म्हणाले. त्यांच्याकडे त्या दिवशी घरपट्टीची वसुली होती, पाणीपुरवठ्याची तक्रार घेऊन माणसं उभी होती, तरी त्यांनी तेवढा वेळ दिला. हे मी मुद्दाम सांगते, कारण सरकारी कचेरीबद्दल लिहिताना आपण फक्त अडवणूक लिहितो.

साल काढायला मी सासूबाईंजवळ बसले. त्या तेव्हा चौऱ्याऐंशीच्या, पण आठवण लख्ख. त्या काशीआत्यांना शेवटपर्यंत वन्सं म्हणायच्या. "वन्सं गेल्या तेव्हा दुष्काळ सरून गेला होता," त्या म्हणाल्या. "सुकडी मिळायची बंद झाली होती. खडी फोडायची कामंही बंद. तुझा नवरा चौथीत होता. बाजरी पेरून झाली होती." १९७२ चा दुष्काळ म्हणजे आमच्या भागातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचं कॅलेंडर आहे. दुष्काळाआधी की नंतर एवढं विचारलं की उत्तर मिळतं. मग मी विचारलं, महिना कोणता? "आषाढ. एकादशी होऊन गेली होती, पंढरपूरला गेलेली माणसं अजून घरी यायची होती."

पितृपक्षात आम्ही त्यांचं पान एकादशीला वाढतो, त्यामुळे तिथी घरात सगळ्यांना ठाऊक होती. पण पितृपक्ष फक्त तिथी सांगतो, महिना सांगत नाही, आणि साल तर नाहीच. आता महिना मिळाला: आषाढ वद्य एकादशी. नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावरून चौथीचं वर्ष १९७५ च्या आसपास येत होतं. तरी १९७४, ७५ आणि ७६ या तिन्ही सालांत ते बसू शकत होतं.

इथे नाशिक कामी आलं. चुलत दिरांना आठवलं की त्यांचे वडील बहिणीच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेले होते, सोबत तेही होते, लहान होते, त्यांना पेढे घेऊन दिले होते. रामकुंडावर जे क्षेत्रोपाध्ये आहेत त्यांच्याकडे नामावळी असते. गावं आणि घराणी वाटून घेतलेली, प्रत्येक उपाध्यायांकडे आपापल्या यजमानांच्या लांबोळक्या चोपड्या. कोण आलं, कुठल्या गावाहून, कशासाठी, सोबत कोण, वंशात कोण कोण, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा यजमानाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं असतं. पंचवटीत दोन-तीन ठिकाणी गावाचं आणि आडनावाचं नाव सांगितल्यावर आमचे उपाध्ये कोण ते कळलं. गुरुजींनी लाल कापडात बांधलेलं बाड सोडलं, गावाची पानं काढली, आणि बोटाने खाली खाली येत थांबले.

चुलत सासऱ्यांचं अक्षर. शके १८९७, आषाढ वद्य. बहिणीच्या अस्थी विसर्जनासाठी आलो. खाली गाव, भावांची नावं, आजेसासऱ्यांचं नाव. शकात ७८ मिळवले की १९७५ येतं. साल मिळालं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण मी बहिणीच्या नावापाशीच थबकले. तिथे काशी नव्हतं. तिथे लिहिलं होतं, 'भगिनी भागीरथी'.

घरी येऊन सासूबाईंना विचारलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "असेल. लग्नात ठेवलेलं नाव असेल. सासरी दोन वर्षंसुद्धा राहिल्या नाहीत त्या. नवरा तापाने गेला आणि आबांनी त्यांना घरी आणलं. त्या नावाने आम्ही कधी हाक मारली नाही."

म्हणजे असं झालं होतं. भावाने बहिणीला आयुष्यभर काशी म्हटलं. पण ती गेल्यावर, कागदावर आणि देवाधर्मात नाव सांगायची वेळ आली, तेव्हा त्याला वाटलं की लग्नातलं नाव तेच खरं नाव. पंधरा-सोळाव्या वर्षी जे घर सुटलं, त्या घराने ठेवलेलं नाव. आणि आजेसासरे गेले तेव्हा तलाठ्यासमोर ज्याने वारस सांगितले त्याने घरातलं नाव सांगितलं. दोघांच्याही मनात खोट नव्हती. पण या दोघांच्या मध्ये एक बाई कागदावर दुभंगली.

आता १९७५ ची वही. भाऊसाहेबांनी ऑगस्टच्या सुरुवातीची पानं काढली आणि नोंद तिथेच होती. नाव भागीरथीबाई. आडनाव मात्र माहेरचं, कारण राहत होत्या माहेरी. वय अंदाजे ४५. मृत्यूचं ठिकाण राहतं घर. सातबाऱ्यावरच्या नावातलं एकही अक्षर या नोंदीशी जुळत नव्हतं. सातबाऱ्यावर घरातलं नाव आणि नवरा, वहीत लग्नातलं नाव आणि बापाचं आडनाव. कुणाही तिऱ्हाइताने या दोन वेगळ्या बायका आहेत असंच म्हटलं असतं.

पण वहीत आणखी एक रकाना असतो, माहिती देणाऱ्याचा. त्यात चुलत सासऱ्यांचं पूर्ण नाव होतं, नातं 'भाऊ', आणि सही. नामावळीतलीच सही. त्या एका रकान्यामुळे सगळं जोडलं गेलं. त्या भावाला बहीण एकच होती, हे आजेसासऱ्यांच्या वारस फेरफारावरून सिद्ध होत होतं.

हा रकाना आपल्या हातात येणाऱ्या दाखल्यावर नसतो. दाखला म्हणजे नमुना ६: नाव, लिंग, मृत्यूची तारीख, ठिकाण, आईचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ते, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख. माहिती कुणी दिली ते त्यावर येत नाही. मृत्यूचं कारणही येत नाही, आणि ते तर कायद्यानेच. नोंदणी अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे रजिस्टरचा उतारा कुणीही मागू शकतो, पण मृत्यूच्या उताऱ्यात कारण उघड करता येत नाही. म्हणून आम्ही दाखल्याबरोबर रजिस्टरच्या त्या नोंदीची प्रमाणित नक्कल मागितली. भाऊसाहेबांनी कारणाच्या रकान्यावर कोरा कागद ठेवून छायाप्रत काढली, शिक्का मारला. वही उघडली तेव्हा तो रकाना मी वाचला होता. सासूबाईंना सांगितला. इथे लिहिणार नाही.

नुसती नक्कल जोडून तलाठ्याकडे जाता आलं असतं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून. बरेच जण तेच करतात आणि चालतंही. मला मात्र वहीतच ती दुरुस्ती हवी होती. पुढच्या पिढीत कुणी शोधायला आलं तर त्याला पुन्हा रामकुंडापासून सुरुवात करायला लागू नये. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात त्याची सोय आहे. कलम १५. मूळ नोंद खोडायची नाही, तिला हात लावायचा नाही, समासात दुरुस्ती लिहायची, तारीख टाकायची, निबंधकाने सही करायची. नुसती लेखनातली चूक असेल तर निबंधक खात्री करून करतात. नावासारखी महत्त्वाची गोष्ट असेल तर हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं निवेदन लागतं.

मधल्या काळात एका कचेरीत आम्हाला सांगण्यात आलं की इतक्या जुन्या नोंदीत दुरुस्ती होतच नाही, नाद सोडा. मी कलमाची छापील प्रत घेऊन गेले होते, ती शांतपणे टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि वर मार्गदर्शन मागवलं. उत्तर यायला बरेच महिने गेले. यात चिडून उपयोग नव्हता, अर्जाची पोच मात्र दर वेळी शिक्क्यानिशी घेतली. पोच असेल तर लोकसेवा हक्क कायद्याखाली, २०१५ च्या, अपील करता येतं. पोच नसेल तर आपण आलो होतो हेच सिद्ध होत नाही.

दोन माणसं कोण? काशीआत्यांना ओळखणारी किती उरली होती! एक सासूबाई. दुसऱ्या, शेजारच्या वाड्यातल्या यमुनाकाकू, ज्या लहानपणी काशीआत्यांकडे वाती वळायला शिकल्या होत्या. दोघींना गाडीतून नेलं. भाऊसाहेब ग्रामपंचायतीच्या पायऱ्या उतरून खाली आले आणि निवेदन वाचून दाखवलं. "काशीबाई आणि भागीरथीबाई ही एकच व्यक्ती असून..." सासूबाई मध्येच म्हणाल्या, "आमच्या वन्सं." भाऊसाहेबांनी विचारलं, "लिहू का, नणंद?" "लिहा ना." मग तेही लिहिलं गेलं. सासूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या, सही करायला त्यांना वेळ लागतो, पण अंगठा त्या देत नाहीत. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं.

नंतर जुनी नोंद संगणकावर चढवली गेली आणि क्यूआर कोड असलेला दाखला निघाला. भागीरथीबाई ऊर्फ काशीबाई. तलाठ्याकडे वारस नोंद, सहा-क म्हणजे वारसांची नोंदवही, फेरफार, नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. ते सगळं ठरल्या वाटेने झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नोंदच सापडली नाही तर काय, असं मला बरेच जण विचारतात. त्यासाठी शोध घेऊन निबंधक नमुना १० देतात, म्हणजे नोंद उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र. मग उशिराच्या नोंदणीचा अर्ज करावा लागतो. मृत्यूनंतर २१ दिवसांच्या आत कळवलं तर काहीच लागत नाही. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क. वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं की पूर्वी प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागायचं. २०२३ च्या दुरुस्तीने, १ ऑक्टोबर २०२३ पासून, ते काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे गेलं. २०२५ च्या सुरुवातीला राज्यात उशिराच्या नोंदणीचं काम काही काळ थांबवलं होतं, मग मार्चमध्ये नवी, कडक कार्यपद्धती आली. त्यामुळे आता जास्तच कागद लागतात आणि चौकशी होते. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्या वाटेला जाण्याआधी असलेल्या वह्या नीट शोधा. सासरचं नाव, माहेरचं नाव, आडनाव दोन्हीकडचं, मागचं-पुढचं साल. विशेषतः बाईची नोंद असेल तर. पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच असतं, म्हणून त्याची नोंद पटकन सापडते. बाईचं नाव 'सापडत नाही' म्हणून नमुना १० घेऊन नवी नोंद केली, आणि जुनी वहीत होतीच, तर एकाच मरणाच्या दोन नोंदी होतात. त्या निस्तरणं फार कठीण.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. आम्ही नाशिक रोडला राहतो, पण त्या शेवटी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात होत्या. महानगरपालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिक रोड. दवाखाना ज्या विभागात, नोंद त्या विभागात. त्यामुळे घराजवळच्या कार्यालयात जाऊन काही उपयोग नव्हता. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची असते, घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. पण दवाखाना जे कळवतो ते नातेवाईक सांगतील तेच असतं. नातेवाईक म्हणजे त्या वेळी काउंटरपाशी जो उभा असेल तो. बहुतेक घरांत मोठी माणसं रडत असतात, म्हणून एखाद्या पुतण्याला, भाच्याला पुढे करतात. त्या पोराला आजीचं नाव 'माई' एवढंच ठाऊक असतं.

मी दिराच्या मुलाला म्हटलं, तू अमरधामचं बघ, गाडीचं बघ, फॉर्म मी भरते. तिथल्या खुर्चीवर बसले, पर्समधून सासूबाईंचं आधार काढलं, बँकेच्या पासबुकाशी नाव ताडून पाहिलं, सातबाऱ्यावर कसं आहे ते मोबाईलवर बघितलं. तीन ठिकाणी तीन तऱ्हा नव्हत्या, कारण ते आधीच सारखं करून घेतलं होतं. मग 'आईचे नाव' हा रकाना आला. सासूबाईंच्या आईचं नाव काय? मुलांना माहीत नाही, सुनांना माहीत नाही. येवल्याला त्यांचे धाकटे बंधू असतात, आमचे मामा. त्यांना फोन लावला. बहीण गेल्याची बातमी अर्ध्या तासापूर्वीच त्यांना कळली होती. "मामा, आईचं नाव सांगा, फॉर्मवर लिहायचंय." ते रडत रडत म्हणाले, "राधा. माहेरची तुळसा." मी राधाबाई लिहिलं. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे अक्षर अक्षर बघून. काउंटरवरच्या मुलीने टाईप केलेलं मला स्क्रीनवर वाचू दिलं, तिचे आभार.

दाखला नंतर विभागीय कार्यालयातून मिळाला. नोंदणी झाल्यावर माहिती देणाऱ्याला पहिली प्रत विनामूल्य द्यायची असते, आणि नव्या दुरुस्तीप्रमाणे सात दिवसांत, हे लक्षात असू द्या. जास्तीच्या प्रती लगेच घेऊन ठेवा. बँक, पेन्शन, विमा, गॅस, रेशनकार्ड, वीज मीटर, मतदार यादीतून नाव कमी करायचा नमुना ७, सगळीकडे लागतात. विमा कंपनीला मृत्यूचं कारण हवं असतं, ते दाखल्यावर नसतं म्हणून दवाखान्याचे कागद वेगळे जपून ठेवा. अपघात असेल तर पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवालही.

दशक्रिया झाल्यावर आम्ही गुरुजींकडे गेलो. नामावळीत नवऱ्याने स्वतः लिहिलं. सासूबाईंचं लग्नातलं नाव, माहेरचं नाव, त्यांच्या आई-वडिलांची नावं, आणि तिथीशेजारी इंग्रजी तारीखही. गुरुजी म्हणाले, हल्ली लोक फक्त आडनाव आणि फोन नंबर लिहून जातात.

त्या पानापासून मी घरातल्या सगळ्या बायकांची यादी करायला घेतली आहे. जावा, नणंदा, आत्या, माझ्या माहेरच्या मावश्या. प्रत्येकीचं जन्माचं नाव, लग्नात बदललं असेल तर ते, हाक मारायचं नाव, आई-वडिलांची नावं, जन्मगाव. ज्या गेल्या त्यांची तिथी आणि तारीख, आणि कुठे गेल्या ते. जिवंत आहेत त्यांना मी सरळ विचारते, आणि बायका फार आनंदाने सांगतात. कित्येकींना ते नाव कुणी विचारून चाळीस वर्षं झालेली असतात.

माझ्या आईच्या आजीची नोंद सिन्नर तालुक्यातली, १९३८ च्या सुमाराची. म्हणजे ग्रामपंचायत नाही, तहसीलचा अभिलेख कक्ष, आणि बहुतेक मोडी. आईला तिचं नाव फक्त 'बय' असं आठवतं. धाकट्या मावशीला म्हटलंय, तुमच्या घरातला जुना वाटणीचा कागद काढून ठेवा, त्यात नाव असेल. दिवाळीनंतर मोडी वाचणाऱ्या ओळखीच्या सरांना घेऊन जाणार आहे.